एकच 150 टक्क्यांची जेनोआ सगळ्या वाऱ्याला पुरत नाही, राजेहो

शिडाच्या बोटींबद्दलचा एक मेसेज बरेच दिवस फिरून राहिलाय. आता आपल्या नागपूरचीच काही मंडळी मिळून मुंबईत एक जुनी क्रूझिंग बोट घ्यायचं म्हणताहेत आणि त्यांनी तो मेसेज जसाच्या तसा खरा धरलाय, म्हणून हे लिहितोय. मेसेज थोडक्यात असा: रोलर फर्लर (पुढचं शीड गुंडाळायचं फिरतं यंत्र) लावा, त्यावर 150 टक्क्यांची एकच जेनोआ (पुढचं मोठं शीड) चढवा, वारा वाढला की हवी तेवढी गुंडाळा. फर्लर बोटीच्या फुटांवरून निवडा. अडकला तर दोरी विंचवर (दोरी जोराने ओढायच्या फिरत्या ढोलावर) घ्या. शीड वर्षभर वरच राहू द्या, काही होत नाही.

फर्लर घेऊच नका असं मी म्हणत नाहीये. दोघंच जण बोट चालवत असतील तर कॉकपिटमध्ये बसून पुढचं शीड गुंडाळता येणं ही फार मोठी सोय आहे. पण ती सोय कुठपर्यंत चालते हे या मेसेजमध्ये कुठंच नाही, आणि नेमकं तिथंच पैसे बुडतात, कधी त्याहून जास्त काही.

आधी ते 150 घ्या. डोलकाठीपासून फोरस्टेच्या (डोलकाठीला पुढून ताणून धरणाऱ्या तारेच्या) बुडापर्यंतचं अंतर समजा 12 फूट आहे. 150 टक्के म्हणजे शिडाच्या पुढच्या काठापासून मागच्या खालच्या कोपऱ्यापर्यंतचं काटकोनातलं अंतर 18 फूट. ते गुंडाळून 100 टक्क्यांवर आणायचं म्हणजे एक तृतीयांश शीड आत घ्यायचं, आणि एवढं गुंडाळल्यावर त्याचा आकार राहतच नाही. शिडाला मधे पोट असतं, तिथं कापड जास्त असतं, फॉइल (फोरस्टेवर बसणारी, फिरून शीड गुंडाळणारी नळी) मात्र वरपासून खालपर्यंत सारखंच फिरतं, त्यामुळे कडा ताणल्या जातात आणि मधलं पोट तसंच राहतं, उलट वाढतं. म्हणजे जोराच्या वाऱ्यात सपाट शीड पाहिजे तेव्हाच तुमच्याकडे फुगलेलं शीड असतं, पुढच्या काठाला हा जाड गुंडाळा, बोट कलते जास्त आणि वाऱ्याकडे तोंड करून जातच नाही. लफला, म्हणजे शिडाच्या पुढच्या काठाला, फोमची पट्टी शिवून घेतली तर ती मधलं जास्तीचं कापड आधी खाते आणि बराच फरक पडतो, पण तरीही 25-30 टक्क्यांपलीकडे अपेक्षा ठेवू नका.

कापडाचंही आहेच. हलक्या वाऱ्याची मोठी जेनोआ पातळ कापडाची असते आणि वारा 10 नॉट्सवरून 20 झाला की शिडावरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. तेच पातळ कापड अर्धं गुंडाळून जोराच्या वाऱ्यात वापरत राहिलं की ते ताणून कायमचं बिघडतं.

आता आपल्या किनाऱ्याचा वारा बघा. ऑक्टोबर ते मे हा सीझन, सकाळी जमिनीकडून हलकी झुळूक आणि दुपारी वायव्येचा चांगला भरलेला वारा. मुंबईहून गोव्याकडे जाताना तो मागून मिळतो, परत येताना थेट तोंडावर. म्हणजे वाऱ्याकडे चढणारं, सपाट राहणारं शीड लागतंच. माझं स्पष्ट मत, फोम लफवाली 130-135 घ्या, ती 100 पर्यंत नीट येते. सकाळच्या हलक्या वाऱ्यासाठी वेगळं हलकं शीड नंतर घेता येईल, पण एक लक्षात ठेवा की कोड झीरोचे (हलक्या वाऱ्याच्या मोठ्या शिडाचे) ते कंटिन्यूअस लाइनवाले, म्हणजे अखंड दोरीवर फिरणारे फर्लर पूर्ण उघडायला आणि पूर्ण बंद करायलाच असतात, अर्धं गुंडाळून चालवायला नाही. आणि वादळी हवेसाठी आतला फोरस्टे आणि त्यावर हँकने (तारेत अडकवायच्या आकड्यांनी) लावायची छोटी स्टॉर्म जिब. तिच्यासाठी पुढे डेकवर जावंच लागतं, त्यामुळे हार्नेस आणि जॅकलाइनचा (अंगातला पट्टा आणि तो अडकवायची डेकवरची दोरी) खर्च वगळू नका.

फुटांवरून फर्लर निवडणं तर चूकच. कंपन्यांचे तक्ते बघा, हार्केन घ्या, प्रोफर्ल घ्या, फर्लेक्स घ्या, सगळे फोरस्टेच्या वायरची जाडी, पिनचा व्यास आणि फोरस्टेची लांबी विचारतात. 32 फुटांची जड बोट आणि 32 फुटांची हलकी बोट, दोघींचे भार वेगळे. शिवाय ड्रममध्ये (फर्लरच्या खालच्या रिळात) दोरी किती मावते ते बघा. शीड पूर्ण गुंडाळून वर शीटचे (शिडाचा मागचा कोपरा ओढायच्या दोरीचे) तीन-चार वेढे बसतील एवढी दोरी पाहिजेच, आणि जाड दोरी मावत नसेल तर ड्रमवर जाणाऱ्या भागातला आतला गाभा काढून टाकतात.

विंचवाला सल्ला मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. फर्लर अडकण्याचं नेहमीचं कारण वर असतं. स्विव्हलचा (शिडाच्या वरच्या टोकाच्या फिरत्या सांध्याचा) खालचा भाग शिडाबरोबर फिरतो, वरचा हॅलियार्डला (शीड वर चढवायच्या दोरीला) बांधलेला, तो स्थिर राहायला पाहिजे. हॅलियार्ड फोरस्टेपासून 8-10 अंश मागे ओढलेलं असलं तर राहतो. पण ते फोरस्टेला जवळजवळ समांतर जात असेल तर वरचा भागही फिरायला लागतो आणि हॅलियार्ड फॉइलभोवती वेढे घेतं. खाली तुम्हाला एवढंच कळतं की दोरी जड झाली. अशा वेळी विंच फिरवला की फॉइल पिळलं जातं, आतल्या फोरस्टेच्या तारा उकलतात, आणि फोरस्टे गेला तर डोलकाठी जाऊ शकते. आधी दुर्बिणीतून वर बघा, थोडं उलटं उघडून बघा. जुनं शीड कापून नव्या फर्लरवर चढवलं असेल तर हा त्रास हमखास होतो, कारण लफ तोकडा आणि स्विव्हल खाली राहतो. शिडाच्या टोकाला वायरचा तुकडा लावून स्विव्हल फॉइलच्या वरच्या टोकाजवळ न्या.

नुसत्या वाऱ्याने दोरी जड वाटत असेल तर बोट वाऱ्यापासून वळवा, जेनोआ मेनसेलच्या (डोलकाठीमागच्या मुख्य शिडाच्या) आडोशाला आली की हातानेच गुंडाळते. शीट मात्र पूर्ण सोडू नका, थोडा ताण ठेवा, नाहीतर गुंडाळा सैल होतो.

आणि वर्षभर शीड वरच ठेवणं. आपण इथं बसलेलो, बोट 800 किलोमीटरवर, महिना-महिना कोणी बघायला नाही. गच्चीवरची हिरवी नेट दोन उन्हाळ्यांत हातात भुगा होऊन येते ना, तेच गुंडाळलेल्या शिडाच्या उघड्या कडेचं होतं, म्हणून लीच आणि फूटला (मागच्या आणि खालच्या कडेला) अ‍ॅक्रिलिक कापडाची यूव्ही पट्टी लागते, आणि कापडाआधी शिवणीचा दोरा जातो, तो तपासा. वादळाचंही बघा. निसर्ग 3 जून 2020 ला आलं, तौक्ते 17 मे 2021 ला मुंबईजवळून गेलं, दोन्ही वेळा मुंबईत मान्सून पोचलेला नव्हता. गुंडाळलेलं शीड वाऱ्याने एका कोपऱ्यातून उघडलं की फडफडून स्वतः फाटतं आणि डोलकाठी हलवून सोडतं. त्यामुळे मेच्या पहिल्या पंधरवड्यात शीड खाली उतरवून, गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून घडी घाला. सीझनमध्येही बोट सोडून यायच्या आधी शीटचे वेढे आवळा, ड्रम बांधून टाका आणि हॅलियार्डचा ताण थोडा कमी करा. जुनी बोट घेताय, तर फॉइलच्या आत लपलेली फोरस्टेची वायर किती वर्षांची आहे हे मालकाला विचारा, आणि नीट उत्तर मिळालं नाही तर नव्या वायरचा खर्च भावातून वजा करूनच बोला.