पुन्हा दूध नासलं!

गोव्यात पाळोळ्याला कॅरव्हॅन लावून आज तिसरा दिवस, आणि पुन्हा दूध नासलं! पहाटे फ्रीजमध्ये ४ अंश, दुपारी १३. काल काणकोणच्या बाजारातून आणलेले बांगडेही फुकट गेले. गॅसवरचा हा फ्रीज जरा तिरका राहिला की आतला गारवा देणारा अमोनिया नीट फिरत नाही, म्हणून चाकांखाली फळ्या सारून गाडी सपाट करायची. मग ऊन नेमकं फ्रीजची उष्णता बाहेर टाकणाऱ्या मागच्या जाळीवर! सावलीत हलवली की पुन्हा तिरकी. कितीदा करायचं हे? त्यात पोरं दर दहा मिनिटांनी दार उघडून उभी. अरे, ही दमट हवा आत शिरली की आतल्या गार पत्र्यांवर बर्फ धरतो, गारवा येणार कुठून? बाटली घ्या आणि दार लावा ना!