सहा महिन्यांत नर्स होता येत नाही

बारावीचा निकाल लागला की सातारा-सांगलीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतो: ‘बी.एस्सी. नर्सिंगला चार वर्षं कशाला? सहा महिन्यांचा कोर्स करा. काम तेच, पगार तोच. नाहीतरी डॉक्टर सांगतील तेवढंच करायचं असतं.’ माण-जतकडचे पालक यावर विश्वास ठेवून फी भरून मोकळे होतात, याचं वाईट वाटतं.

‘काम तेच’ हे खोटं आहे. नर्स म्हणून काम करायला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते, आणि तिच्यासाठी एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ), जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) किंवा बी.एस्सी. असा मान्यताप्राप्त कोर्स हवा. सहा महिन्यांचं सर्टिफिकेट घेतलेली मुलगी मदतनीसच राहते.

पगाराचंही तसंच. एम्सच्या नॉरसेटला, म्हणजे नर्सभरतीच्या परीक्षेला, बी.एस्सी. झालेली, नोंदणी असलेली मुलगी थेट बसते. जीएनएमवालीला किमान 50 खाटांच्या हॉस्पिटलमधला दोन वर्षांचा अनुभव लागतो. सर्टिफिकेटवालीला अर्जच करता येत नाही.

आता ‘डॉक्टर सांगतील तेवढंच’. डॉक्टर लिहितात, ‘एक लिटर सलाईन, आठ तासांत’. मिनिटाला किती थेंब, ते नर्सनं काढायचं. 20 थेंबांना एक मिली असा सेट (सलाईनची नळी) असेल तर 1000 × 20 ÷ 480, म्हणजे साधारण 42 थेंब. हातात मायक्रो सेट आला, ज्यात 60 थेंबांना एक मिली होतो, आणि तरी 42 च लावले, तर तीच बाटली जवळजवळ चोवीस तास चालते. जुलाबानं सुकलेला पेशंट तेवढा वेळ थांबू शकत नाही. उलट, सलाईन भरभर गेलं तर हृदय कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या फुप्फुसात पाणी साठतं. म्हणून आधी पाकिटावरचा आकडा वाचायचा आणि थेंब घड्याळ धरून मोजायचे. पेशंटनं कोपर वाकवलं की थेंब मंदावतात, तेव्हा अधूनमधून पुन्हा मोजायचे.

इन्सुलिनची चूक तर याहून घातक. मिलीला 100 युनिट असलेल्या बाटलीतलं इन्सुलिन मिलीला 40 युनिटच्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत भरलं, तर अर्धा मिली येतो, म्हणजे 20 ऐवजी 50 युनिट. साखर एवढी उतरते की पेशंट बेशुद्ध पडतो. हे हातात बसायला वॉर्डातले दिवस लागतात. म्हणूनच डिग्री हवी असेल तर प्रॅक्टिकलची हजेरी 100 टक्के भरावी लागते.

बी.एस्सी.साठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना जीएनएमचा रस्ता खुला आहे, तीन वर्षांचा. नंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षांत होते. फी भरण्याआधी इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि राज्य कौन्सिलच्या यादीत कॉलेजचं नाव स्वतः बघा.