चिनी पाळक १९४९ नंतर आले? अजिबात नाही

सध्या एक मेसेज खूप फिरतोय, की चीनमधलं प्रोटेस्टंट चर्च १९४९ पर्यंत, म्हणजे कम्युनिस्ट सत्ता येईपर्यंत, गोऱ्यांच्याच हातात होतं, चिनी माणसं तिथे पोटासाठी आली आणि मिशनरी सांगतील तेवढंच बोलली. वाचून वाईट वाटलं, कारण ज्यांनी यासाठी मार खाल्ला त्यांची नावंच यात पुसली जातायत.

पहिला मुद्दा, चिनी पाळक (म्हणजे चर्चचे धर्मगुरू) १९४९ नंतरच झाले. अहो, हाँगकाँगला हो फुकथाँग यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली १८४६ मध्ये! शांघायला हुआंग ग्वांगत्साय १८५१ ला डीकन (धर्मगुरूच्या खालचं पद) झाले आणि १८६३ ला प्रीस्ट, म्हणजे पूर्ण धर्मगुरू. शियामेन शहराचं तर बघाच, तिथल्या मंडळ्यांनी, म्हणजे स्थानिक चर्चनी, १८६२ मध्ये स्वतःची प्रेस्बिटरी (अनेक मंडळ्यांचा कारभार बघणारी सभा) उभी केली आणि लगेच पुढच्या वर्षी दोन चिनी पाळक नेमले, निवड मंडळीची आणि पगारही मंडळीच देणार. तिथे मिशनरी पाठवणाऱ्या अमेरिकेतल्या मूळ चर्चला ही प्रेस्बिटरी आपल्याखाली हवी होती, तर शियामेनचे मिशनरी म्हणाले जबरदस्ती केलीत तर आम्ही काम सोडून अमेरिकेला परत येतो, आणि शेवटी अमेरिकेलाच नमतं घ्यावं लागलं.

दुसरा मुद्दा पोटाचा. मिशनच्या पगारावर बरेच जण होते हे खरंच आहे, ते कशाला नाकारायचं. पण लिआंग फा बघा. हा छापखान्यातला कारागीर, लाकडी ठोकळ्यावर अक्षरं उलटी कोरायची आणि त्यावरून कागद उठवायचा हे त्याचं काम. मलाक्काला (आजच्या मलेशियात) मिल्न या मिशनरीबरोबर काम करता करता १८१६ मध्ये बाप्तिस्मा घेतला, गावी परत आला, आपल्या माणसांसाठी छोटी पुस्तिका लिहून छापली, आणि १८१९ मध्ये सरकारी माणसांनी पकडून बांबूचे तीस फटके दिले, कोरलेले ठोकळे जाळून टाकले. इतकं सोसून हा माणूस पुढच्याच वर्षी बायकोला स्वतःच्या हातानं बाप्तिस्मा देतो, आणि याला पोटार्थी म्हणायचं?

तिसरा, मिशनरींची पोपटपंची. शान्शी प्रांतातले शी शंगमो आधी स्वतः अफूच्या पूर्ण आहारी गेलेले पंडित होते, १८७९ मध्ये ख्रिस्ती झाले आणि अफू सोडवणारी केंद्रं काढली. अफू सोडवायच्या परदेशी औषधी गोळ्या संपल्या तेव्हा चिनी औषधांपासून स्वतःच्या गोळ्या बनवल्या, एका केंद्रासाठी पैसे नव्हते तर त्यांच्या बायकोनं अंगावरचे दागिने काढून दिले. चिनी भाषेत भजनंही लिहिली. १८८६ मध्ये ते पाळक झाले, म्हणजे काम आधी, पद नंतर.

मेसेजमध्ये एक गोष्ट खरी आहे, वरच्या खुर्च्या मिशनरींनी लवकर सोडल्या नाहीत. १९०७ ला शांघायला चीनमधल्या प्रोटेस्टंट मिशनची शंभरी परिषद भरवून साजरी झाली, हजाराहून जास्त माणसं आणि त्यात चिनी दहासुद्धा नाहीत, याची चीड यायलाच हवी. पण म्हणून चिनी माणसं गप्प बसली असं नाही ना, तीनच वर्षांनी एडिनबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत २८ वर्षांचे छंग चिंगयी उभे राहिले आणि मिळालेल्या सात मिनिटांत स्पष्ट सांगितलं, की पंथांचे भेद नसलेलं एकच चर्च आम्हाला चीनमध्ये हवंय. १९२२ ला शांघायला चीनमधल्या ख्रिस्ती लोकांची राष्ट्रीय परिषद झाली, तिचे अध्यक्ष तेच होते. तेव्हा १९४९ यायला अजून २७ वर्षं होती.