वाळूची बादली उचला तिथून

मामांनी परवा एक मेसेज पुढे पाठवला आणि संध्याकाळपर्यंत स्कूटरच्या चार्जरशेजारी वाळूची बादली भरूनही ठेवली. मेसेज असा: ‘इलेक्ट्रिक गाडी पेटली तर पाणी मारू नका, लिथियमचा स्फोट होतो. वाळू टाका. ज्वाळा विझल्या की धोका संपला. या गाड्या पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा जास्त पेटतात.’

धातूरूप लिथियम पाण्यात पेट घेऊ शकतं, एवढं खरं. पण गाडीच्या बॅटरीत ते मुख्यतः संयुगांत असतं. जळतो तो इलेक्ट्रोलाइटमधला, म्हणजे विद्युतभार वाहून नेणाऱ्या मिश्रणातला, ज्वलनशील द्रव. बॅटरी अनेक छोट्या सेलची बनलेली असते; एक सेल तापला की शेजारचा तापवतो, तो पुढचा. ही साखळी तोडायची तर उष्णता काढून घ्यावी लागते, म्हणून अग्निशमन दल पाणीच मारतं. पाणी प्रचंड लागतं, हेही मान्य. बॅटरी गाडीच्या तळाशी बंद पेटीत असते, आत पाणी सहज पोचत नाही. २०१७ साली कॅलिफोर्नियात लेक फॉरेस्टला एका कारवर सुमारे ७५ हजार लिटर पाणी ओतावं लागलं.

वाळूचा सल्ला मात्र जिवावर बेतणारा आहे. वाळू उष्णता काढत नाही, उलट आत कोंडते. हवा तोडून काम भागत नाही, कारण बऱ्याच बॅटऱ्यांत तापलेला कॅथोड (सेलचं धन टोक) स्वतःच ऑक्सिजन सोडतो. आणि वाळू टाकायला माणूस जाणार कुठे? गाडीच्या अगदी जवळ! आधी फुसफुस आवाज येतो, मग पांढरट धूर. लोकांना ती वाफ वाटते. त्यात हायड्रोजन असतो, विषारी हायड्रोजन फ्लोराइड असतं, आणि तो क्षणात भडकू शकतो.

‘ज्वाळा विझल्या की धोका संपला’ म्हणणाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा २०२० चा अहवाल वाचावा. मार्च २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूला अपघातात पेटलेली कार विझवून गाड्या ठेवायच्या आवारात नेली, आणि पाच दिवसांनी तिची बॅटरी पुन्हा पेटली. विझलेल्या बॅटरीतही वीज उरते. म्हणून अशी गाडी इतर गाड्यांपासून आणि इमारतींपासून ५० फूट लांब ठेवायला सांगतात.

जास्त पेटतात म्हणाल तर स्वीडनच्या नोंदींत कारबाबत चित्र नेमकं उलटं आहे.

मामांना फोन करून सांगितलं: धूर दिसला तर लांब जा, सगळ्यांना बाहेर काढा, अग्निशमन दलाला पहिल्याच वाक्यात सांगा की गाडी बॅटरीची आहे. आणि बादलीपेक्षा आधी स्कूटर हलवा. ती बाहेर पडायच्या एकुलत्या एका दारात चार्जिंगला लावलेली असते.