बाल्कनी म्हणे चैन!

गरिबांसाठीच्या सरकारी घरांची आमची साइट. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबचं स्टील बांधून तयार. बाल्कनीच्या कँटिलिव्हरच्या, म्हणजे भिंतीबाहेर अधांतरी निघणाऱ्या भागाच्या, वरच्या सळया जागेवर. सकाळी सहाला काँक्रीटचा पंप येणार. आणि रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर टिंग! सुधारित ड्रॉइंग. बाल्कनी गायब, तिच्या जागी फ्रेंच विंडो. तीसुद्धा पश्चिमेला. वर छज्जा नाही, का तर म्हणे ‘एलिव्हेशन क्लीन’ दिसत नाही.

फोन लावला तर कन्सल्टंट साहेब थंडपणे सांगतात, "सर, ईडब्ल्यूएसला, आर्थिक दुर्बलांच्या घराला, बाल्कनी म्हणजे लक्झरी. कार्पेट, म्हणजे आतलं वापरायचं क्षेत्रफळ, 30 चौरस मीटरमध्ये बसवायचंय ना?" अहो पात्रांव (म्हणजे मालक), आपल्या निविदेत कार्पेट रेराप्रमाणे धरलंय! 2016 चा स्थावर मालमत्तेचा कायदा आहे तो. आतल्या भिंती कार्पेटमध्ये येतात, बाल्कनी येतच नाही. म्हणजे बाल्कनी उडवून कार्पेट सुतभरही कमी झालं नाही, आणि जो पैसा वाचला तो त्या भल्यामोठ्या काचेने खाल्ला. हे मी सांगायचं? दिवसभर सिमेंटच्या गोण्या मोजणाऱ्या माणसाने?

323 चौरस फुटांत पाच माणसं. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या घरात पाऊस. कपडे वाळणार कुठे? पंख्याखाली, पोरगं अभ्यासाला बसलंय त्याच्या डोक्यावर. मे महिन्यात पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या मिरच्या, कोकमाची सोलं पसरायची कुठे, जिन्यात? आणि जूनमध्ये तिरपा पाऊस त्या फ्रेंच विंडोतून थेट गादीवर आला की बोंब कोणाच्या नावाने? "साइटवाल्यांनी काम निकृष्ट केलं!" ड्रॉइंग बघायला कोण जातंय.

ह्या कन्सल्टंटच्या रेंडरमध्ये, म्हणजे संगणकावरच्या चित्रात बघा, गोरी बाई कुत्रा फिरवतेय, मागे पाइनची झाडं. गोव्यातल्या डिचोलीत पाइन! एका लाभार्थी बाईंनी साधं विचारलं, "चवथीला माटोळी, गणपतीवरची फळाफुलांची मांडणी, बांधायला वर हूक ठेवाल ना?" तर साहेबांचा चेहरा असा, की बाईंनी हेलिपॅड मागितलंय. चार हूक हो! स्लॅब भरताना सोडायचे, खर्च जवळजवळ शून्य.

एकेकाचं काय सांगू. रेतीचा ट्रक सीमेपलीकडून येईल तेव्हा खरा. गावाकडे निवडणूक लागली की निम्मे कामगार रेल्वेत. वरचे साहेब पाचव्या दिवशी विचारतात, "स्लॅबखालचे टेके काढा की, फोटो चांगला येईल." साहेब, छोट्या स्लॅबचे टेकेसुद्धा सात दिवस हलवत नाहीत, आणि तोवर पाणी मारायचं असतं, फोटो नाही! आणि "सरकारी काम आहे, चालतंय" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला त्याच सरकारी घरात एक जुलै काढायला लावायचाय. सहकुटुंब.

तर काल बैठक झाली. मी कपडे वाळवण्याच्या दोरीवर बोलायला उभा राहिलो तो बसेचना. टेबलावर मूठ आपटली, चहा सांडला, तोही सुधारित ड्रॉइंगवरच, तेवढंच समाधान. शिपाई पाणी घेऊन आला आणि खांदा थोपटून गेला. आता साइटवरची पोरं मला दोरीवाले साहेब म्हणतात. घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि आमच्या बाल्कनीकडे नुसतं बोट दाखवलं. ती मी हौसेने स्लायडिंग लावून बंद केलीय आणि आत ट्रेडमिल ठेवलीय. कपडे ट्रेडमिलवर वाळतात.

असो. बैठकीत बाल्कनीचा निर्णय पुढे ढकलला. उरलेला सगळा वेळ कोनशिलेवर कोणाचं नाव कोणाच्या वर ह्यात गेला. पावसाने अक्षरं जातील म्हणून कोनशिलेला छज्जा मात्र तिथल्या तिथे मंजूर!

आणि त्या सकाळी रिकाम्या परत गेलेल्या पंपाचं भाडं? त्याचं बिल आज लेखा विभागाने माझ्याकडेच परत पाठवलंय. शेरा असा: "सदर काँक्रीटचे 28 दिवसांचे क्यूब टेस्ट रिपोर्ट जोडावेत."