‘पंखे फिरतात, स्क्रीन काळी’: बोर्ड परत करायला निघण्याआधी

घरी कॉम्प्युटर जोडणाऱ्यांमध्ये एक फॉरवर्ड पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्यातला मजकूर साधारण असा: नवा पीसी चालू केला, पंखे फिरले पण स्क्रीन काळी? पंखे फिरतात म्हणजे पॉवर सप्लाय ठीक आहे. शंका असेल तर पेपरक्लिप लावून बघा. बीप येत नाही म्हणजे मदरबोर्ड मेलेला आहे. रॅम काढून खोडरबराने घासा. सीमॉसचा सेल काढून लावा. तरी नाही झालं तर प्रोसेसर काढून परत बसवा. ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असं आलं तर एसएसडी खराब. एवढं करून जमलं नाही तर बोर्ड परत करा.

यातलं सगळंच खोटं नाही. म्हणूनच लोक मुकाट्याने ते पाळतात. पण यात प्रत्येक लक्षणाला एकेक सुटा भाग दोषी ठरवून टाकला आहे, आणि मुळात गाडं तिथेच अडतं. पीसी चालू होणं ही एक क्रमाने घडणारी गोष्ट आहे. बटण दाबलं की बोर्ड सप्लायला इशारा देतो, सप्लाय सगळे व्होल्टेज स्थिर करून ‘पॉवर गुड’चा सिग्नल देतो, मग प्रोसेसर रीसेटमधून सुटतो, बायोस (बोर्डावरच्या चिपमधला सुरुवातीचा प्रोग्राम) वाचायला लागतो, रॅम तपासतो, ग्राफिक्स जागं करतो आणि शेवटी ड्राइव्हकडे वळतो. लक्षणावरून कळतं ते एवढंच, की गाडी यातल्या कुठल्या टप्प्यावर थांबली. तिथे थांबण्याची कारणं चार-पाच असू शकतात आणि नव्या जोडणीत त्यातली बरीचशी जोडणीचीच असतात.

‘पंखे फिरतात म्हणजे पॉवर सप्लाय ठीक’

पंख्याला १२ व्होल्ट लागतात, बस. बोर्डावरच्या पंख्यांना ते २४ पिनच्या मोठ्या केबलमधून मिळतात. प्रोसेसरची वीज मात्र बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातल्या वेगळ्या ८ पिनच्या कनेक्टरमधून येते. ती केबल लावायचीच राहिली, तरी पुष्कळ बोर्डांवर पंखे आणि दिवे मजेत चालू होतात आणि स्क्रीन काळी राहते. नव्या जोडणीत पहिल्यांदा बघायची जागा हीच. केबल कॅबिनेटच्या मागून फिरवून आणावी लागते, त्यामुळे ती विसरली जाते किंवा अर्धवट बसते.

ही केबल ४+४ अशी फुटते आणि तिच्यावर बहुधा ‘सीपीयू’ म्हणजे प्रोसेसर असं लिहिलेलं असतं. ग्राफिक्स कार्डाची केबल ६+२ अशी असते. दोन्ही ८ पिनच्या दिसतात, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या ओळी दोन्हींत उलट असतात. खाचांचे आकारही वेगळे ठेवलेले असतात, पण जोर लावून चुकीची केबल घुसवणारे महाभाग असतातच. सहज बसत नसेल तर ती ती केबल नाही. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणारा, सप्लाय असेल तर जुन्या सप्लायच्या केबल नव्याला कधीही लावू नका. सप्लायकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रमाणित नसते. केबल व्यवस्थित बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट पोचून ड्राइव्ह जळतो.

बोर्डावर एखादा दिवा लागला आहे यावरूनही काही ठरत नाही. पीसी बंद असतानाही सप्लाय ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवतच असतो.

‘पेपरक्लिप लावून बघा’

पेपरक्लिपने २४ पिनच्या केबलमधली हिरवी तार काळ्या तारेला जोडली की सप्लाय चालू होतो, हे खरं. पण त्यातून कळतं काय? बिनभाराचा सप्लाय सुरू होतो, इतकंच. प्रोसेसर आणि कार्ड एकदम वीज ओढतात तेव्हा तो टिकेल का, हे त्यातून कळत नाही. उलट बाजूची फसगत तर जास्त वाईट. आजकालच्या अनेक सप्लायचा पंखा कमी भारावर मुद्दाम बंद ठेवलेला असतो. क्लिप लावली, पंखा हलला नाही, की लोक धडधाकट सप्लायला मृत ठरवतात. शिवाय सगळ्या तारा काळ्या असलेल्या सप्लायमध्ये हिरवी शोधणार कुठे?

मल्टिमीटर असेल तर पीसी चालू असताना १२ व्होल्टची रेल, म्हणजे त्या व्होल्टेजची लाइन, मोजा. सप्लाय जिवंत असला तर ११.४ ते १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. ५ व्होल्टच्या रेलवर ४.७५ ते ५.२५. मीटरची टोकं दोन पिनांना एकदम टेकणार नाहीत एवढं सांभाळा. सप्लायची पेटी मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

‘बीप नाही म्हणजे बोर्ड मेला’

बीप यायला स्पीकर लागतो. तो आता बहुतेक बोर्डांवर नसतो आणि कॅबिनेटबरोबरही क्वचितच येतो. स्पीकरच नसताना शांततेचा अर्थ लावण्यात काय हशील? चार पिनांचा छोटा स्पीकर लावला तरी बीपांचे अर्थ बायोसनुसार बदलतात, तेव्हा त्या बोर्डाचं मॅन्युअलच बघावं लागतं.

हल्लीच्या अनेक बोर्डांवर त्याऐवजी चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (ड्राइव्ह). चालू करताना ते एकामागून एक लागतात आणि विझतात. जो लागून राहतो, तिथे गाडी थांबली. फॉरवर्डमध्ये या दिव्यांचा उल्लेखही नाही, आणि सगळ्यात उपयोगी माहिती तर तेच देतात.

सीपीयूचा दिवा अडला तर आधी ती ८ पिनची केबल बघा. त्यानंतर बायोस, आणि सगळ्यात शेवटी प्रोसेसर बसतो ते सॉकेट.

डीरॅमचा दिवा अडला तर आधी थांबा. डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) असलेला पीसी पहिल्यांदा चालू होताना रॅमचं ट्रेनिंग करतो: प्रत्येक स्टिकसाठी सिग्नलचं टायमिंग जुळवून बघतो. त्याला कित्येक मिनिटं लागू शकतात, विशेषतः एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डांवर आणि रॅम जास्त असेल तर. तोवर स्क्रीन काळी राहते, मधेच पीसी आपण होऊन रीस्टार्टही होतो. दुसऱ्या मिनिटाला बटण दाबून बंद केलं, की सगळं पहिल्यापासून. पहिल्या वेळी निदान १५ मिनिटं हात लावू नका.

व्हीजीएचा दिवा अडला तर केबल बघा. या मुद्द्यावर फॉरवर्ड गप्प आहे. कार्ड लावलेलं असताना मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टमध्ये खुपसलेली असणं ही फार नेहमीची चूक आहे. इंटेलच्या ‘एफ’ शेपटीच्या प्रोसेसरांत आणि रायझन ५ ५६०० सारख्या प्रोसेसरांत ग्राफिक्स नसतंच, मग बोर्डाच्या पोर्टमधून चित्र येणार कुठून? कार्डाच्या ६+२ केबलमधले ते शेवटचे दोन पिन सुटे तर राहिले नाहीत, मॉनिटरवर योग्य इनपुट निवडलं आहे का, हेही बघून घ्या.

‘रॅम खोडरबराने घासा’

रॅमच्या कडेच्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असतो. सोनं गंजत नाही, आणि नव्या स्टिकवर घासून काढण्यासारखं काही नसतंच. खोडरबर मात्र तो पातळ मुलामा झिजवतो आणि त्याचा भुगा स्लॉटमध्ये पडतो.

मग घासल्यावर पीसी चालू होतो तो कसा? घासण्यासाठी स्टिक काढली आणि पुन्हा नीट दाबून बसवली म्हणून. श्रेय मात्र रबराला मिळतं! तेव्हा फक्त बसवण्याकडे लक्ष द्या. पुष्कळ स्लॉटना एकाच बाजूला खटका असतो. तो लागला तरी दुसरं टोक वर राहिलेलं असू शकतं. दोन्ही टोकं अंगठ्यांनी दाबून, कडा स्लॉटला समांतर दिसेपर्यंत बसवा. चार स्लॉट असतील तर दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात जातात, बोर्डावर त्यांना बहुधा ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. अडलंच तर एकच स्टिक ए२मध्ये ठेवून बघा, मग दुसरी. बोटांचे डाग दिसलेच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड पुरे.

जाता जाता: ६०००ची डीडीआर५ रॅम पहिल्यांदा ४८०० वर चालताना दिसली तर तो दोष नाही. पूर्ण वेग बायोसमधून एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमच्या वेगाची तयार सेटिंग, चालू केल्यावरच मिळतो.

‘सीमॉसचा सेल काढा’

हा बायोसची सेटिंग्ज जपणारा बोर्डावरचा चपटा सेल. तो काढला की ती सेटिंग्ज पुसली जातात. बायोसमधली सेटिंग्ज बदलल्यावर पीसी अडला असेल, उदाहरणार्थ वर सांगितलेला एक्सएमपी चालू केल्यावर, तर हा उपाय अचूक आहे. पण पहिल्यांदाच चालू होणाऱ्या बोर्डात पुसायला सेटिंग्ज कुठल्या? तिथे तो क्वचितच कामी येतो. उलट डीडीआर५चं ट्रेनिंग तेवढं पुन्हा सुरू होतं. करायचंच असेल तर पद्धतशीर करा. सप्लायचं बटण बंद, केबल भिंतीतून बाहेर, पॉवरचं बटण १० सेकंद दाबून उरलेली वीज संपवा, आणि मग सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा. केबल लावलेलीच ठेवून सेल काढला तर स्टँडबायची वीज चालूच असते आणि काहीच पुसलं जात नाही.

सेलने न सुटणारी अडचण म्हणजे जुना बायोस. बोर्ड बरेच दिवस खोक्यात पडून असतो आणि प्रोसेसर त्याच्यानंतर बाजारात आलेला असतो. रायझन ५००० आणि बी४५० बोर्ड, इंटेलची १३वी-१४वी पिढी आणि बी६६० बोर्ड, या जोड्यांमध्ये हे हमखास होतं. सॉकेट तोच, प्रोसेसर नीट बसतो, पण बायोस त्याला ओळखतच नाही. बोर्डाला बायोस फ्लॅशबॅकची, म्हणजे पेनड्राइव्हवरून थेट नवा बायोस भरण्याची, सोय असेल तर प्रोसेसर न लावताही काम होतं. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, कंपनीच्या साइटवरून नेमक्या त्याच मॉडेलची फाइल घ्या, मॅन्युअलमध्ये सांगितलेलं नाव तिला द्या, २४ पिन आणि ८ पिनच्या केबल लावा, पेनड्राइव्ह खूण केलेल्याच यूएसबी पोर्टमध्ये घाला आणि फ्लॅशबॅकचं बटण काही सेकंद दाबून धरा. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज जाता कामा नये.

‘प्रोसेसर काढून परत बसवा’

हा सल्ला यादीच्या मधेच येतो, याचं नवल वाटतं. इंटेलच्या एलजीए१७०० किंवा एएमडीच्या एएम५ सॉकेटमध्ये सतराशेच्या घरात केसासारख्या पिना असतात आणि त्यातली एक वाकली तरी बोर्ड अडू शकतो. एएम४ या एएमडीच्या जुन्या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, आणि प्रोसेसर व कूलरमधल्या थंड, घट्ट झालेल्या थर्मल पेस्टमुळे कूलर उचलताना प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. काढायचाच असेल तर शक्य असल्यास पीसी थोडा वेळ चालवून पेस्ट गरम होऊ द्या आणि कूलर सरळ न उचलता हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. पुन्हा बसवताना जुनी पेस्ट पुसून नवी लावावी लागते.

रॅमचा एक चॅनेलच दिसत नसेल, तर प्रोसेसर काढण्याआधी कूलरचे स्क्रू सैल करून बघा. एका बाजूला जास्त आवळले गेले तर दाब विषम पडून काही पिना टेकत नाहीत. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून आवळा.

‘बूट डिव्हाइस नाही म्हणजे एसएसडी खराब’

नव्या, कोऱ्या एसएसडीवर बूट होण्यासारखं काही नसतं. हा संदेश दिसला याचा अर्थ बाकी सगळं चाललं! बायोसमध्ये जाऊन ड्राइव्हचं नाव दिसतं का बघा. दिसत असेल तर इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. बूट मेनूमध्ये पेनड्राइव्हची दोन नावं दिसली तर ‘यूईएफआय’ने सुरू होणारं निवडा. नाव दिसत नसेल तर एम.२ स्लॉट (एसएसडी थेट बोर्डावर बसते ती जागा) साटा प्रकारची एसएसडी चालवतो की फक्त एनव्हीएमई प्रकारची, हे मॅन्युअलमध्ये तपासा. बायोसला ड्राइव्ह दिसतो पण विंडोजच्या इन्स्टॉलरला दिसत नाही, असं इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या पीसीवर झालं तर बहुधा व्हीएमडी (ड्राइव्ह हाताळणारी इंटेलची सोय) चालू असतं. बायोसमधून ते बंद करा किंवा त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून लोड करा.

‘नाही जमलं तर बोर्ड परत करा’

त्याआधी बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढा आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. अँटिस्टॅटिक पिशवीवर नको, तिची बाहेरची बाजू वीजवाहक असू शकते. फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि सप्लाय लावा. प्रोसेसरला ग्राफिक्स नसेल तरच कार्ड. ड्राइव्ह नको, समोरच्या पॅनेलच्या बारीक तारा नकोत. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की बटणाचं काम होतं.

इथे चालू झालं तर दोष कॅबिनेटमध्ये आहे. बोर्डावर भोक नसलेल्या जागी राहिलेला पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा छोटा खांब), मागे हरवलेला स्क्रू, यूएसबी पोर्टमध्ये घुसलेली मागच्या पत्र्याची जीभ, किंवा अडकून बसलेलं रीसेटचं बटण. सेकंदभर चालू होऊन बंद पडणारा पीसी पुष्कळदा यातल्याच एखाद्या शॉर्टमुळे पडतो. एकदा सप्लायचं संरक्षण लागलं की केबल काढून मिनिटभर थांबल्याशिवाय तो पुन्हा उठत नाही.

इथेही तोच दिवा अडून राहिला आणि दुसरी रॅम, दुसरा सप्लाय लावूनही फरक पडला नाही, तर मग परत करायला हरकत नाही. सॉकेटचा जवळून, तिरक्या उजेडात फोटो काढा, प्लास्टिकचं झाकण लावा आणि मगच बोर्ड खोक्यात भरा. झाकणाशिवाय पाठवलेल्या बोर्डाच्या पिना वाटेत वाकल्या तरी वॉरंटीत त्या तुमच्याच नावावर लागतात.