‘चार फुटी प्लॉटर घ्या, महिन्यात मशीन फुकट’ म्हणे!

टी-शर्ट छपाईत नव्याने उतरणाऱ्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरतो. थोडक्यात असा: ‘रेडियम कटिंगचं मशीन घ्यायचं तर चार फुटीच घ्या. फोर्स ५०० ग्रॅम, स्पीड ८०० बघूनच घ्या. कॅमेरा हवाच. सॉफ्टवेअर फुकट येतं, कोरलमधून (डिझाइनच्या प्रोग्राममधून) थेट कटिंग. दिवसाला शंभर टी-शर्ट, महिन्यात मशीन फुकट.’ मागच्याच महिन्यात एका पोराने हा मेसेज दाखवून मला विचारलं, ‘दादा, बुक करू का?’ मी कोल्हापुरात प्लॉटरवर, म्हणजे ब्लेडने कापणाऱ्या या मशीनवर, विनाइलच्या (पातळ प्लॅस्टिकच्या) रोलमधून नावं-नंबर कापून ते गरम प्रेसने जर्सीवर मारून देतो. इथे फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की पेठापेठांतली पोरं जर्सीच्या थप्प्या घेऊन येतात. त्या जोरावर एकेक मुद्दा घेतो.

चार फुटीच घ्या. कुणाच्या छातीवर मारणार एवढं? डबल एक्सेलच्या टी-शर्टवरही डिझाइन १४ इंचांच्या पुढे सहसा जात नाही, आणि पाठीवरचा नंबर ८ ते १० इंच उंच. मशीनची रुंदी ठरते ती रोलवरून. कपड्यावर लावायच्या हीट ट्रान्सफर विनाइलचा रोल साधारण ५० सेंटिमीटर, म्हणजे २० इंच रुंद येतो. तो न कापता आत गेला पाहिजे, की झालं. २४ इंची मशीन त्याला पुरतं. चार फुटी मशीन गाड्यांवर आणि दुकानांच्या काचांवर रेडियम लावणाऱ्यांचं.

उलट टोकही सांगतो. घरगुती छंदाची १२ इंची मशीनं कापतात चांगली, पण २० इंची रोल त्यांना उभा चिरून द्यावा लागतो आणि उरलेली ८ इंची पट्टी कोपऱ्यात पडून राहते. वाढदिवसाचे चार टी-शर्ट करणाऱ्या ताईंना ते झकास. जर्सीवाल्याने त्या वाटेला जाऊ नये.

फोर्स ५०० ग्रॅम. म्हणजे ब्लेडचा दाब. नेहमीचं पीयू (पॉलियुरेथेन) विनाइल शंभरेक ग्रॅम दाबात, ब्लेड नवं असेल तर त्याहूनही कमीत कापलं जातं. रोलँडचं जीएक्स-२४ हे मशीन कित्येक वर्षं या धंद्यात नावाजलेलं होतं, त्याचा कमाल दाबच २५० ग्रॅम. जास्त दाब लागतो तो फ्लॉक (मखमली) किंवा ग्लिटर (चमकीच्या) विनाइलसारख्या जाड मालाला, आणि तिथेही आधी ४५ अंशांचं ब्लेड काढून ६० चं लावायचं असतं.

कटिंग बिघडतं ते बहुतेक वेळा ब्लेड होल्डरमधून किती बाहेर काढलंय त्यावरून. मी सुरुवातीला हौसेने दाब वाढवला. ब्लेड विनाइल पार करून खालच्या प्लॅस्टिकच्या शीटमध्ये घुसलं आणि ‘१०’ मधलं शून्य हातात वेगळंच आलं. तेव्हापासून कामाआधी एक लहान चौकोन कापून बघतो. विनाइल सुटलं पाहिजे आणि शीटवर फक्त हलका ओरखडा दिसला पाहिजे. बोट फिरवलं की कळतं.

स्पीड ८००. सेकंदाला ८०० मिलिमीटर हा वेग लांब सरळ रेघेवरचा. आपलं काम काय, तर छातीवर दीड सेंटिमीटर उंचीची अक्षरं. तिथे ब्लेडला दर दोन-तीन मिलिमीटरला वळायचं असतं. त्या वेगापर्यंत ते पोचतच नाही, आणि जबरदस्ती केली तर कोपरे गोल होतात. स्वस्त मशीनमधल्या स्टेपर मोटरला आपली पायरी चुकल्याचं कळतही नाही. सर्वो मोटर जागा तपासत चालते, म्हणून ती महाग. आवाजही कमी. बारीक अक्षरांना मी वेग शंभरच्या आसपासच ठेवतो.

बरं, वेगाने वाचणार काय? सोळा जर्सींची नावं-नंबर कापायला माझ्या मशीनला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. नको असलेलं विनाइल सोलून काढायला दोन तास, आणि तेही मान मोडून. मग प्रेस. नावाला एकदा, नंबरला एकदा, दरवेळी जर्सी सरळ मांडायची, १५ सेकंद दाबायचं, सोलायचं, वर पुन्हा थोडं दाबायचं. कटिंग दहा मिनिटांत उरकलं तरी गिऱ्हाईक घरी तेवढ्याच वाजता जाणार. मशीन घेताना बघायचं ते हे, की कापलेलं किती सहज सोलता येतं.

सॉफ्टवेअर फुकट, कोरलमधून थेट कटिंग. मला सगळ्यात राग येतो तो याचा, कारण असे मेसेज लिहिणाऱ्याने मराठी अक्षर कधी कापलेलं नसतं.

‘मंडळ’ हा शब्द घ्या. स्क्रीनवर एकसंध शिरोरेषा दिसते, पण फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन शेजारच्यावर चढलेलं असतं. प्लॉटरला रंग दिसत नाही, फक्त कडा दिसतात. तो प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतो, आणि सोलायला घेतलं की शिरोरेषेचे सांध्या-सांध्यावर तुकडे. कोरलमध्ये आधी मजकूर कर्व्ह करायचा (अक्षरांच्या नुसत्या रेघा करायच्या), मग सगळं निवडून वेल्ड मारायचं (तुकडे एकसंध जोडायचे), मग वायरफ्रेममध्ये, म्हणजे फक्त कडा दाखवणाऱ्या दृश्यात, बघायचं की आत रेघ उरलीय का. मगच मिरर करून, म्हणजे आरशातल्यासारखं उलटं करून, कापायला पाठवायचं. (मिरर विसरून मी एकदा आख्ख्या संघाची नावं उलटी कापली आहेत. तो रोल अजून ठेवलाय, नव्या पोराला दाखवायला.)

मग ते ‘मं’वरचं टिंब. वळणाऱ्या ब्लेडचं टोक होल्डरच्या मध्यापासून जरा बाजूला असतं. त्या फरकाचा आकडा, म्हणजे ऑफसेट, सॉफ्टवेअरमध्ये बरोबर नसला, तर दोन मिलिमीटरचं टिंब अंड्यासारखं होतं आणि जिथून सुरू झालं तिथे येऊन मिळत नाही. सोलताना ते कचऱ्याबरोबर निघून जातं, मंडळाचं ‘मडळ’ होतं, आणि ते कळतं कधी, तर मिरवणुकीच्या फोटोत. म्हणून टोकं जुळवणारा ओव्हरकट आणि हा ऑफसेट दोन्ही बदलता येणारं सॉफ्टवेअर हवं. स्वस्त मशीनबरोबर मिळणारं जुनं सॉफ्टवेअर युनिकोड मराठी नीट जोडत नाही, वेलांटी भलतीकडेच टाकतं. त्यात मजकूर टाइप करूच नका.

आणि ‘फुकट’चं म्हणाल, तर मार्च २०२१ मध्ये घरगुती कटिंग मशीनं बनवणाऱ्या क्रिकट कंपनीने जाहीर केलं होतं की पैसे न भरणाऱ्यांना महिन्याला स्वतःची २० च डिझाइन्स अपलोड करता येतील. जगभर आरडाओरडा झाला म्हणून काही दिवसांत निर्णय मागे घेतला. मशीन तुमचं आणि चावी दुसऱ्याच्या खिशात, असा तो प्रकार. आपल्या नेहमीच्या प्रोग्राममधून चालेल असंच मशीन बघा.

कॅमेरा हवाच. छापलेल्या चित्राच्या कडेने कापायचं असेल तर हवा. एकरंगी नावं-नंबर कापायला त्याचा काही उपयोग नाही.

दिवसाला शंभर, महिन्यात वसूल. वरचा हिशेब पुन्हा बघा, एका माणसाला शंभर जमणार नाहीत. शिवाय रंगीत लोगो आता मी डीटीएफवाल्याकडून (फिल्मवर छापून ते कपड्यावर दाबून लावतात, ती पद्धत) मीटरवर छापून आणतो. तीन रंगांचं विनाइल एकावर एक बसवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. प्लॉटर कमावतो ते ‘उद्या मॅच आहे, एका गड्याची जर्सी राहिली’ अशा कामावर. ते काम महिन्याला किती येतं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. त्यातही गडद पॉलिस्टर जर्सी असली तर तापमान जपायचं, नाहीतर कापडाचा रंग वर येऊन पांढरा नंबर गुलाबी होतो. असल्या जर्सी बदलून देण्यात माझा एक आठवडा फुकट गेलाय.

त्या पोराला मी बुकिंग थांबवायला सांगितलं. पेन ड्राइव्हवर एक फाइल दिली, ‘श्री गणेश क्रीडा मंडळ’, उंची १२ मिलिमीटर, वेल्ड केलेली. सोबत विनाइलचा हातभर तुकडा. म्हटलं, दुकानात जा, त्यांच्या मशीनवर हे कापायला सांग आणि सोलायला तू स्वतः बस. पहिल्या दुकानदाराने डेमो फक्त त्यांच्याच फाइलचा मिळेल म्हणून सांगितलं. दुसऱ्याने कापून दिलं. टिंब जागेवर होतं, ‘श्री’ची वेलांटी मात्र सोलताना उचलली गेली. त्याने ब्लेड थोडं आत घेतलं, वेग कमी केला आणि परत कापलं.